सोलापुरात अडकलेली बराखा

तार सकाळी आली आणि ऊन तापायच्या आत मी पुणे स्टेशनावर होतो. हे माझ्या स्वभावाला अजिबात धरून नाही. शेजारच्या पेठेत लग्नाला जायचं तरी मला आदल्या दिवसापासून बूट शोधावे लागतात. पण तार लेयाअक्काची होती, माझ्या थोरल्या बहिणीची. दाजी अत्यवस्थ आहेत, निघ, एवढंच तिच्यात होतं. दाजी म्हणजे तिचे यजमान अब्राहम, सोलापूरच्या एका गिरणीत मागखात्यात मुकादम.

माझ्या बायकोने, साराने, पोळ्या बांधून दिल्या आणि मी न सांगता माझी कापडी थैलीही ट्रंकेत ठेवली. थैलीत तफिल्लीन (दंडाला आणि कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या) आणि तफिल्लेचं, म्हणजे प्रार्थनेचं, पुस्तक होतं. ही थैली साराने स्वतःच्या हाताने ठेवली तेव्हाच मला परिस्थिती किती गंभीर आहे ते कळलं.

याचा उलगडा करायला हवा. आम्ही बेने इस्राएल. आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बैल सोडून स्वस्थ बसत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तफिल्ला हिब्रूत. अक्षरं वाचता येतात, अर्थ कळत नाही, आणि समोरच्या पानावर छापलेल्या मराठीकडे कोणी बघत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या नव्या सालाच्या सणाला, भरल्या पोटी, मी जाहीर केलं की आजपासून रोजची तफिल्ला नेमाने करणार. सारा म्हणाली, "हार्मोनियमसारखी की दंडबैठकांसारखी?" या दोन्ही गोष्टी मी मोठ्या उत्साहाने धरल्या होत्या आणि त्याहून मोठ्या उत्साहाने सोडल्या होत्या. तेव्हा केवळ बायकोला खोटं पाडायचं म्हणून मी रोज पहाटे उभा राहू लागलो. भक्ती म्हणाल तर शपथेवर सांगतो, नव्हती. भाजीवाला भाव ओरडत जातो तसा मी पानं ओरडत जायचो.

त्यात एक बराखा (देवाच्या आभाराचे बोल) अशी आहे की ती पायखान्यातून बाहेर येऊन, हात धुऊन म्हणायची. देवाने माणूस शहाणपणाने घडवला, त्यात वाटा ठेवल्या, पोकळ्या ठेवल्या. त्यांतली एक जरी भलतीच उघडली किंवा एक जरी बंद झाली, तरी घटकाभर उभं राहता येणार नाही, असा तिचा अर्थ. शेवटी, देहाला बरं करणाऱ्या देवाचे आभार. मी तीही नेमाने म्हणायचो आणि घरातली पोरं तोंडात पदर, बाही, जे सापडेल ते कोंबून हसायची. सगळ्यात जास्त हसले ते दाजी. भाचीच्या लग्नात भर पंगतीत म्हणाले, "आमच्या मोशेचा देव मशिदीत नसतो बरं का. पायखान्याच्या दाराशी तांब्या घेऊन उभा असतो." (मशीद म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर.) पंगत हसली. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं.

ते दाजी आता अत्यवस्थ होते, आणि गाडी प्रत्येक स्टेशनावर पाहुणी आल्यासारखी बसत होती.

दौंड सोडलं आणि डोंगर मागे पडले. भीमेवरचा पूल गेला. पुढे नुसती काळी रानं, त्यांत कणसाला आलेली ज्वारी, आणि इतकं मोठं आभाळ की माणसाला आपण उगाच जागा अडवून बसलोय असं वाटावं. मी डब्यातल्या पायखान्यात जाऊन आलो आणि सवयीने दाराशीच पुटपुटलो. समोर बार्शीचे एक धान्याचे व्यापारी होते. त्यांनी काळजीने विचारलं, चक्कर येते का. मी खरं ते सांगितलं. 

"म्हणजे पोट साफ झालं की तुमच्यात देवाचे आभार मानतात?"

"हो."

"बरंय. आमच्यात वैद्याचे मानतात, आणि तो ते फुकट घेत नाही."

मग त्यांनी शेंगाची चटणी पुढे केली. ती मी पुणेरी चटणीच्या हिशेबाने पोळीवर घेतली. पहिल्याच घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. व्यापाऱ्यांना वाटलं, मला दाजींची आठवण आली. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले, होईल बरं, होईल बरं, म्हणत. त्या रडण्याचं खापर चटणीवर फोडायचा मला धीर झाला नाही. आणि थोड्या वेळाने ते निव्वळ चटणीचं रडं राहिलंही नाही. कुर्डुवाडीला ते बार्शीच्या छोट्या गाडीकडे गेले. चटणीची पुडी मात्र माझ्याकडे ठेवून गेले.

सोलापूर आधी दिसतं ते गिरण्यांच्या धुरांड्यांनी. दिवस कलला होता. टांग्यात बसून दवाखाना म्हटलं तर टांगेवाला म्हणाला, "अपना आदमी है क्या साब?" आणि त्याने घोड्याला जरा घाई केली. वाटेत विणकरांची वस्ती लागली. दारोदारी रंगवलेलं सूत वाळत घातलेलं, आतून मागांचा खटका, आणि ओट्यांवर तेलुगूत चाललेल्या गप्पा. एरवी मी टांगा थांबवला असता.

अक्का दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती. मला बघून उठली नाही. "आलास," म्हणाली, आणि मग जे सांगितलं ते असं. दाजींना अंतर्गळ होता, म्हणजे जांघेत आतडं उतरायचं. कित्येक वर्षं पट्टा बांधून, कोणाला पत्ता लागू न देता, ते गिरणीत उभे राहिले. परवा सुताचा जड रूळ उचलायला हात लावला आणि आतडं अडकलं. काल दुपारी डॉक्टरांनी पोट उघडून ते सोडवलं. आतडं काळं पडलं नव्हतं, पण सोडवल्यापासून निपचित होतं. पोट नगाऱ्यासारखं फुगत चाललं होतं.

डॉक्टर तरुण होते, अक्कलकोटकडचे, बोलण्यात कानडी हेल. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की आता औषध असं काही नाही. वारा सरला, तर आतडं चालू झालं असं धरायचं. "उद्या दुपारच्या भोंग्यापर्यंत वाट बघू. नाही तर पुन्हा उघडावं लागतंय. आणि तेवढी शक्ती त्यांच्यात..." 

दाजींचा चेहरा दोन दिवसांत कोणीतरी मागून ओढून घेतल्यासारखा झाला होता. मला पाहून ओठ हलले. मी वाकलो.

"तांब्या आणलास का?"

हसावं तर अक्का बघत होती, रडावं तर दाजी.

त्या रात्री अक्काने नवस बोलला. वारा सरला तर इलियाहू हान्नाबीच्या, आमच्या त्या नबीच्या नावाने घरी मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओलं खोबरं, वर फळं. नवस बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मोशे, दुसऱ्या बायका मूल मागतात, घर मागतात. मी काय मागतेय बघ." आणि पदर डोळ्यांना लावला.

सकाळी अक्काच्या घरी मी तफिल्लीन बांधून नेहमीची पानं नेहमीच्या वेगाने उरकली आणि तिने भाजलेल्या कडक भाकरीचं गाठोडं घेऊन दवाखान्यात गेलो. भाकरी कोणी खाणार नव्हतं, पण अक्काच्या हाताला काहीतरी करायला हवं होतं. दाजींचं पोट रात्रीपेक्षा वर आलं होतं. ते बोलत नव्हते.

दवाखान्यामागच्या पायखान्यातून मी बाहेर आलो, हौदावर हात धुतले आणि तोंड आपोआप सुरू झालं. दोन वर्षांची सवय. गाडी रुळांवरून जावी तसे शब्द चालले होते. वाटा झाल्या, पोकळ्या झाल्या. मग 'एक जरी बंद झाली तर' याचा हिब्रू शब्द आला.

आणि तो शब्द मला कळला. समोरच्या पानावरचं मराठी न बघता बघता कधी डोक्यात जाऊन बसलं होतं कोण जाणे. ते एकदम उठून उभं राहिलं. बंद झाली म्हणजे काय, ते भिंतीपलीकडच्या खाटेवर निजलं होतं. पुढे काही म्हणताच येईना. मी काल संध्याकाळी एकदा, आज सकाळी एकदा या दाराशी सहज येऊन गेलो होतो, आणि त्या माणसाला तेवढंच काय ते पाहिजे होतं.

हौदावर एक बाई कळशी भरत होती. जवळच्या वळसंग गावची. तिचा नवरा दाजींच्या शेजारच्या खाटेवर पाय मोडून पडला होता. ती म्हणाली, "थांबलासा का? देवाचं अर्धं सोडू नाई. पुरं करा की."

मी म्हटलं, बाई, पुढे आभार आहेत.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग वॉर्डाच्या खिडकीकडे. "मग असू द्या," म्हणाली. "राहू द्या थोडं."

बराखा मधेच सोडून भलतंच बोलणं आमच्यात चालत नाही, आणि बाईशी बोलून मी तेवढं मोडलंच होतं. तेव्हा मी तोंड मिटून आत येऊन बसलो. अक्काने काही विचारलं तर मान हलवायचो. तिला वाटलं, धसक्याने भावाची वाचा गेली. तिने मला पाणी पाजलं. एका दुखणेकऱ्याचे दोन झाले.

ऊन व्हरांड्यातून सरकत खाटेखाली आलं. डॉक्टर दोनदा डोकावून गेले. दुसऱ्यांदा त्यांनी नर्सबाईला काहीतरी हळू सांगितलं आणि ती हत्यारांसाठी पाणी उकळायला ठेवायला गेली, तेव्हा अक्काने माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मग भोंगा झाला. एका गिरणीचा, लगेच दुसरीचा. खिडक्यांची तावदानं थरथरली. तो संपेपर्यंत सोलापुरात कोणाला कोणाचं ऐकू येत नाही.

भोंगा थांबला आणि डॉक्टर आत आले.

दाजींनी डोळे उघडले. "झालं," ते म्हणाले. "आत्ता. भोंग्यात."

डॉक्टरांचा विश्वास बसेना. मरणाला भ्यालेला माणूस दुसऱ्यांदा पोट उघडू नये म्हणून काहीही सांगेल, हे त्यांना ठाऊक असणार. त्यांनी अक्काकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही काही ऐकलं नव्हतं. दाजींचे डोळे माझ्यावर खिळले होते आणि मला खोटं बोलवेना.

तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून वळसंगचे गृहस्थ कोपरावर उठले. "व्हय डाक्टर. म्या ऐकलं. भोंग्याच्या शेपटाला. लई बारीक हुतं, पर हुतं."

डॉक्टर खाली बसले. कानांत नळी घालून तिचं तोंड त्यांनी दाजींच्या पोटावर टेकवलं आणि डोळे मिटले. अख्खा वॉर्ड गप्प. नळी इकडून तिकडे सरकली, थांबली. अक्काची नखं माझ्या मनगटात रुतली होती. आणि त्या शांततेत, नळीबिळीची गरज नसताना, दाजींनी दुसऱ्यांदा साक्ष दिली. ती सगळ्यांनी ऐकली. व्हरांड्यातल्यांनीही ऐकली असेल.

डॉक्टरांनी कानांतली नळी काढली आणि ते हसले. अक्का भिंतीला टेकून खाली बसली.

दाजी म्हणाले, "मोशे. तुझं ते म्हण."

मी उठलो. जिथे अडकली होती तिथून, बंद झाली या शब्दापासून, बराखा पुढे नेली. शेवटी तिच्यात देहाला बरं करणं आहे आणि नवलाची कामं करणं आहे. इतक्या सावकाश मी ती कधी म्हटली नव्हती. पंगतीतल्या त्या हशानंतर दाजींच्या तोंडून पहिल्यांदाच आमेन निघालं. नवऱ्याच्या खाटेजवळून वळसंगची बाई म्हणाली, "पुरं झालं न्हवं?"

मलिद्याच्या दिवसापर्यंत मी राहिलो. दाजींना चमचाभर पेज मिळाली आणि त्यांनी ती पंगतीतल्या रुबाबाने खाल्ली. मी निघताना ते म्हणाले, देवाला सांग, तांब्या इथेच ठेवून जा, मला अजून लागेल.

परतीच्या गाडीत माझ्या ट्रंकेत एक सोलापुरी चादर होती, चटणीची पुडी होती आणि मनात फार मोठा बेत होता. आता घरी जाऊन अशीच, एकेका शब्दाला थांबून तफिल्ला करायची. रानं तीच होती, ज्वारी तीच. मला मात्र वाटत होतं, आपल्याला सगळं कळलं.

पुण्याला आल्यावर दोन दिवस तशी केली. तिसऱ्या दिवशी कचेरीला उशीर होत होता. हात धुतले, बराखा म्हटली आणि बूट शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ती भाजीवाल्यासारखीच म्हटली. मी फार हिरमुसलो. साराला सांगितलं, गेलं गं, जे सापडलं होतं ते गेलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दोन वर्षं रोज बडबडत होतात, म्हणून त्या दिवशी तोंडात होतं. नाही तर हौदावर काय, हार्मोनियम वाजवला असतात?"

पोरं अजून हसतात. अर्थ काही रोज भेटत नाही, एवढं मला कळून चुकलं आहे. पण त्या दाराशी मात्र देवाच्या कृपेने मला रोज जावं लागतं.