इंदूबाईकडची किल्ली

ताराचंद गावाला निघाला की आतल्या खोलीच्या दाराला एक दोरा बांधायचा. पांढरा, सुती, खालच्या कडीपासून चौकटीच्या खिळ्यापर्यंत, गुडघ्याच्या उंचीवर. कुलूप लावलेलं सगळ्यांना दिसतं, दोरा कोणाला दिसत नाही. चाळीस वर्षं मागावर बसलेल्या माणसाला असं सुचायचंच. हजारो धाग्यांत एक तुटला की कापडाला डाग पडतो, आणि तो तुटलेला धागा शोधण्यात त्याची नजर झिजली होती. माग गेला, तरी नजर शोधतच राहिली.

नागपुरात तांडापेठेत त्याचं दोन खोल्यांचं घर. वडील, आजोबा इथेच विणायला बसले. आतल्या खोलीत जमिनीत कमरेइतका खोल खड्डा. विणकर त्यात पाय सोडून बसायचा आणि पायांनी फळ्या दाबायचा. विणकरांची सोसायटी बंद पडल्यावर ताराचंदने माग विकला, पण खड्डा बुजवला नाही. वर दोन फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर खाट. दसऱ्याला खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू लागायचं. खड्ड्यात झाडू मात्र कधीच उतरायचा नाही. ज्या मागाने पोट भरलं, त्याचं सांडलेलं बाहेर फेकायचं नाही, हा त्या घरचा नेम. बायको जयवंता होती तोवर तिनेही तो पाळला.

जयवंता गेली. मुलीचं, मयुरीचं, लग्न नरखेड तालुक्यात झालं. घरात उरले ताराचंद आणि त्याचा कुत्रा. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यासारखा दिवसभर गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला पळतो म्हणून त्याचं नाव धोटा.

आणि येणारं एकच माणूस, इंदूबाई. ती मागच्या गल्लीत दोन बकऱ्यांसोबत राहायची. पूर्वी याच मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आता सकाळी येऊन झाडझूड करायची आणि दोन भाकरी टाकून जायची. अकरा वर्षं घराची दुसरी किल्ली तिच्या पदराच्या गाठीत होती.

मयुरीच्या बाळंतपणाला ताराचंद छत्तीस दिवस गेला. धोट्याला इंदूबाईकडे ठेवलं. अंगणातल्या तुळशीला पाणी घालायचं, एवढंच काम तिला सांगितलं. दोऱ्याचं सांगितलं नाही.

परत आला तेव्हा दुपार होती. आतल्या खोलीपाशी गेला. दोरा तुटून खाली लोंबत होता.

तो तसाच आत शिरला. चार पावलं टाकली असतील, पांढऱ्या पायजम्यावर काळे ठिपके उठले. आधी वाटलं, धूळ. मग ठिपके उडाले. पिंढऱ्यांना चावे बसायला लागले. बंद घरात, जिथे महिनाभर कोणी श्वास घेतला नाही तिथे, शेकडो पिसवा जणू त्याचीच वाट पाहत होत्या.

बंद घरात. पण दोरा तर तुटलेला.

इंदूबाई धोट्याला घेऊन आली. धोट्याने उड्या मारल्या, त्याचे हात चाटले. ताराचंदने त्याची लव उलटीपालटी करून पाहिली. अंग स्वच्छ होतं, नुकतंच धुतलेलं.

"याले आंघोळ घातली का वं?"

"दोनदा घातली, भाऊ."

"काहून?"

"काहून म्हंजे? कुत्रा हाय, घातली." तिने आत डोकावलं. "मयुरी बरी हाय ना? पोरगं कोणावर गेलं?"

 ताराचंदच्या डोक्यात उभा-आडवा धागा जुळत होता. उन्हाळ्याचे दिवस. हिची पत्र्याची खोली. आतली खोली थंड. हिच्या दोन बकऱ्या, त्या हिने इथे आणून बांधल्या असणार. खाटेजवळ फळी जरा सरकलेली. एक एक धागा बसत गेला, आणि जे कापड तयार झालं त्यावर त्याला एकही डाग दिसला नाही.

"इंदूबाई, ते किल्ली दे."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पदराची गाठ सोडली. गाठ जुनी होती, दात लावावे लागले. किल्ली तिने त्याच्या हातात न देता तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ताराचंद स्वतः भाकरी थापायला लागला. त्या फाटायच्या. कडुनिंबाचा धूर केला, खोली धुतली, अंथरुणं उन्हात टाकली. धोट्याला रोज साबण लावला. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पिंढऱ्या लाल. समोरचे दत्तोपंत ओट्यावरून बोलले, "काय गा ताराचंद, आजकाल लय नाचून राहिला?" ताराचंदला वाटलं, याला काहीतरी माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, आपल्यालाच नाही.

दुपारी तो मागच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा, लांबून तिच्या बकऱ्यांवर नजर ठेवून. एक बकरी पायाने मान खाजवायची. हे बघ, तो मनात म्हणायचा. पण घरी परतून फाटकी भाकरी खाताना त्याला आपणच एका खोलीत कोंडल्यासारखं वाटायचं. घरात त्याच्याशी बोलणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

शेवटी ऑटोत घालून धोट्याला प्रताप नगरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर गुंजन तरुण होत्या. त्यांनी धोट्याच्या शेपटीच्या मुळाशी बारीक कंगवा फिरवला. काळी भुकटी निघाली. ती ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवली. भुकटीभोवती तांबूस रंग पसरला.

"रंग सुटला," ताराचंद बोलून गेला. सुताचा कच्चा रंग तो असाच ओल्या फडक्यावर पारखायचा.

"रंग नाही, काका, रक्त आहे. पिसवांची विष्ठा. याचंच रक्त पिऊन टाकलेली."

"याले रोज धुतो मी."

"याला धुऊन काय होणार? कुत्रा म्हणजे त्यांचं जेवायचं ताट. राहतात त्या जमिनीत. अंडी याच्या अंगावरून खाली गळतात, धुळीत, कापसात वाढतात, मग कोष करून बसतात. महिनोन्‌महिने बसतात. पावलांचा हादरा लागला की बाहेर येतात. घर बंद होतं का मधे?"

"छत्तीस दिवस."

"मग तेच. रिकाम्या घरात वाट पाहत होत्या. हा झोपतो कुठे?"

ताराचंद आठवू लागला. रात्री दारात झोपतो. दुपारी कुठे असतो, ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. तुटलेला धागा शोधणाऱ्या माणसाने आपला कुत्रा दुपारी कुठे जातो ते पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी धोट्याच्या मानेवर औषध सोडलं. बजावलं की घराचा कोपरा न् कोपरा झाडा, कचरा जाळा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा झाडा, कारण कोष एकदम मरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताराचंद डोळे मिटून खाटेवर पडून राहिला. धोटा आला. थांबला. मालकाचा श्वास ऐकला असावा. मग खाटेखाली शिरला, नाकाने फळी सरकवली आणि खड्ड्यात उतरला. थंड मातीवर अंग टाकल्याचा आवाज ताराचंदला खालून ऐकू आला.

त्याने खाट बाजूला केली, फळ्या काढल्या, मोबाइलची बॅटरी लावली. तळाशी वीतभर कापसाचा तूस, तुटके धागे, कुत्र्याचे केस, धूळ. त्यात कुत्र्याच्या अंगाएवढी एक जागा दबलेली. त्याने पंच्याचं टोक भिजवून तिथे टेकवलं आणि उजेडात धरलं.

लाल ठिपके. पंचा लाल ठिपक्यांनी भरून गेला.

तो खड्ड्याच्या काठावर बसून राहिला, पाय आत सोडून, पूर्वी बसायचा तसा. पायांवर पिसवा चढत होत्या. त्याने त्या झटकल्या नाहीत.

संध्याकाळी किल्ली घेऊन तो इंदूबाईच्या दारात गेला. ती बकऱ्यांना पाला घालत होती.

"खड्ड्यात होत्या," तो म्हणाला. "धोटा दुपारचा तिथं झोपे. ओला पंचा टेकवला तं रक्तानं लाल झाला."

"मले माहीत हाय."

"तुले माहीत होतं?"

"तुमी गेल्यावर पयले तीन दिवस त्याले तुळशीकडं संगं आणलं. पाणी घ्याले दार उघडलं का सुसाट आतल्या खोलीत. तुमाले हुडकून राहिला असन, म्हणून मी मागं जाऊन त्याले खाटंखालून ओढून काढो. तेच्यानं मह्या बकऱ्याईले पिसवा लागल्या. मंग नाई आणलं त्याले."

दोरा असा तुटला होता.

"सांगितलं काहून नाई मग?"

"तुमी इचारलं का? तुमी किल्ली मांगली."

बोलताना ताराचंदची नजर एका बकरीच्या मानेकडे गेली. त्याला ती आवरली नाही. इंदूबाईने ते पाहिलं.

"पाहून घ्या, भाऊ. फडकं ओलं करून देऊ का? कानाच्या मागं पाहा, शेपटीखाली पाहा. मग मलेही पाहा."

त्याने मान खाली घातली आणि किल्ली पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"पयले खड्डा झाडा. मंग किल्लीचं पाहू."

ताराचंद दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन खड्ड्यात उतरला. आधी हात जोडले. मग तीन पिढ्यांचं सांडलेलं पोत्यात भरलं. तूस नाकात जायचा. एका गुंत्यात हिरवा काठाचा धागा दिसला. तो कुठल्या लुगड्याचा ते त्याला आठवत होतं. तोही त्याने पोत्यात टाकला. अंगणात सगळं पेटवलं. जळत्या सुताचा वास गल्लीभर झाला. खड्ड्यात उकळतं पाणी ओतलं. पंधरा दिवसांनी पुन्हा झाडला. त्यानंतर पुन्हा पंधरा दिवसांनी.

तिसऱ्या झाडणीच्या सकाळी दारात इंदूबाई उभी होती. हातात एक पांढरं फडकं. ती आत आली, फडकं भिजवलं, खड्ड्याच्या काठाशी बसली आणि वाकून तळाच्या चारी कोपऱ्यांत ते दाबलं. मग दाराच्या उजेडात जाऊन निरखलं. पलटून दुसरी बाजू पाहिली. पुन्हा पहिली.

ताराचंद भिंतीशी उभा राहिला. 

फडक्यावर नुसती माती होती.

"चुलीजवळ पीठ कुठं ठेवलं?" तिने विचारलं.

त्याने डबा दाखवला. किल्ली पाटावर ठेवली. तिने भाकरी टाकल्या, हात धुतले, किल्ली उचलली. पदराचं टोक हातात घेतलं, जरा थांबली, आणि सोडून दिलं. आतल्या खोलीच्या चौकटीवर तो दोऱ्याचा खिळा अजून होता. जाता जाता तिने किल्ली त्या खिळ्याला अडकवली, आत येणाऱ्या कोणालाही दिसेल अशी.

"उद्या येन," ती म्हणाली.