चौघांत एक टोकन

नायगावच्या आमच्या चाळीतली अभ्यासिका आम्ही चौघं मित्र चालवतो. तिथल्या मुलांना जुन्या प्रश्नपत्रिका मिळाव्यात म्हणून आम्ही एक वेबसाइट केली. तिच्या सर्व्हरला बाहेरून काही सांगायचं तर टोकन लागतं. टोकन म्हणजे अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती ज्याच्याजवळ असेल, त्याला सर्व्हर तू कोण असं विचारत नाही. आमच्या चौघांत एकच टोकन होतं. बाहेर जाताना चावी शेजाऱ्यांकडे ठेवतात, तसंच मला ते वाटायचं.

चौघांतल्या, समोरच्या खोलीतल्या मित्राने एके दिवशी ते अभ्यासिकेच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर मुलं, पालक, चाळ सोडून गेलेलेही. त्यातल्या कुणाच्याही हातून सगळं पुसलं गेलं असतं, आणि दहावीची परीक्षा तोंडावर होती. मित्राचा फोन लागेना.

सर्व्हरचं खातं माझ्या नावावर होतं. घरात असलं विचारायला कुणी नाही, म्हणून एपीआयची, म्हणजे सर्व्हरला बाहेरून काम सांगायच्या पद्धतीची, इंग्रजी माहिती हळूहळू वाचली. माझ्यासाठी आणि चौघांतल्या, माझ्याच कॉलेजात असलेल्या बाकी दोघांसाठी नवी टोकनं मागवली आणि जुनं रद्द करायची विनंती पाठवली. उत्तर रिकामं आलं. काही बिघडवलं की काय, म्हणून घाबरलो. मग वाचलं, रिकामं उत्तर म्हणजे काम झालं.

संध्याकाळी मित्र दारात.

"माझं टोकन चालत नाही. मला साइटवरून काढलंस?"

"नाही रे. टोकन रद्द केलं. ग्रुपवर गेलं होतं ना."

"आपलीच माणसं आहेत ती. सरळ सांग ना, वेगळी चूल मांडलीस."

शाळेपासूनची आमची मैत्री. आतून आई म्हणाली, "भांडायचंय तर चहा पिऊन भांडा."

तो बसला. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. "तुझं अजून केलं नाही. नवीन टोकन एकदाच दिसतं, तेव्हाच उतरवून घ्यावं लागतं, म्हणून तुझ्यासाठी थांबलो होतो."

त्याने अर्धा कप संपवला. "आणि माझ्याकडून परत कुठे गेलं तर?"

"तेवढं एकच रद्द करायचं. तुला दुसरं. बाकीच्यांचं चालू."

"म्हणजे पोरांचं अडणार नाही."

"नाही."

"मग हे आधी सांगायचं ना, येड्या."

टोकनला नाव द्यावं लागतं. त्याने लॅपटॉप ओढून घेतला आणि त्या जागी स्वतःचं घरातलं लाडाचं नाव टाइप केलं. ते मी चारचौघांत घेतलं की तो चिडतो.