मग बाहेर कुणाला काढू?

माझ्या आत्याला वस्तीत सगळे भिंगरी म्हणतात, आणि तिला त्याचा राग येत नाही. रागवायलाही माणसाला एका जागी थांबावं लागतं. शिलाई मशीन दुरुस्त करायचं काम ती यजमानांकडून शिकली. ते गेल्यावर त्यांचीच पिशवी खांद्याला अडकवून घरोघर फिरू लागली. पट्टा सैल झालाय, सुई सारखी तुटतेय, अशा तक्रारी ऐकता ऐकता त्या घरातल्या बाकीच्या तक्रारीही तिच्या कानावर पडायच्या, आणि मग तिचे पाय शिवशिवायचे. कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या गल्लीतला दिवा गेला, की निघाली ही आमदारांच्या कचेरीत. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं माझी आई म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं.

पण एक काम तिने धसास लावलं होतं. आमची वस्ती आणि इस्पितळ यांच्या मधे कालवा आहे. इस्पितळाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी आमच्या खिडकीतून दिसतात, पण तिथे जायचं म्हणजे मोठ्या पुलावरून केवढा तरी वळसा. बाबांना अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना तिथे व्यायामासाठी न्यावं लागायचं. रिक्षात चढवता-उतरवतानाच त्यांची इतकी दमछाक व्हायची, की अर्धा व्यायाम तिथेच उरकायचा. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, तिच्या कडेवर वाढलेला. तिने कचेरीचे उंबरे झिजवले, आमदारांच्या नाकी नऊ आणले आणि कालव्यावर पायी जायचा पूल मंजूर करून घेतला. जागा आखून खुंट्याही ठोकल्या गेल्या. बाबा खिडकीत बसून त्या खुंट्यांकडे बघत राहायचे.

मग जनगणनेचे आकडे आले. शहराचा उत्तरेकडचा भाग फुगला होता, आमचा भाग रोडावला होता. प्रत्येक मतदारसंघात माणसं साधारण सारखी हवीत, म्हणून सगळ्या सीमा नव्याने आखायचं ठरलं. कच्चा नकाशा लागला, तेव्हा आमची सीमा थेट कालव्यावर येऊन बसली होती. इस्पितळ जुन्या मतदारसंघात, आणि आम्ही शेजारच्यात.

आत्या तशीच आमदारांच्या कचेरीत गेली. तिच्या मागे धापा टाकत मी.

"मावशी, पुढच्या निवडणुकीपासून तुम्ही आमच्यात नाही," आमदारांचा सचिव म्हणाला. "दुसऱ्याच्या मतदारांसाठी साहेब पूल कशाला बांधतील? तुम्हीच सांगा."

"मग त्या खुंट्या काय वांगी लावायला ठोकल्यात?"

सचिव हसला. त्याचं तरी काय चुकलं? पण मला त्याचा भयंकर राग आला.

हरकती ऐकायला सभा होणार होती. त्या दिवसांत आत्याच्या हाताला थारा नव्हता. एका शिवणवालीच्या मशीनमध्ये तिने सुई उलटी बसवली, दुसरीकडे तेलाची कुपी उघडीच विसरली. जेवायला बसली तरी दोन घासांत उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. "अगं, बस की जरा," बाबा म्हणायचे. त्यांचे शब्द आता जड यायचे, आणि ते ऐकून ती आणखीच उठायची.

सभेच्या दिवशी आत्याची मुलगी, माझी ताई, आपल्या आईला पाठिंबा द्यायला पंधरा-वीस बायका घेऊन आली. ताई गिरणीच्या क्वार्टर्समध्ये राहते. तिथे पाण्याचा टँकर येतो. याच आमदारांनी तिथे नळाचं काम काढलं होतं, चर खणत खणत कोपऱ्यापर्यंत आला होता. आत्याचं नाव पुकारलं, तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या क्वार्टर्सच्या बायकांनी.

अध्यक्ष म्हातारे होते, आवाज मऊ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुलाचं, बाबांचं, इस्पितळाचं.

"तुमचं म्हणणं रास्त आहे," ते म्हणाले. "पण तुमची चार हजार माणसं आत घेतली, तर तेवढीच बाहेर काढावी लागतील. नाहीतर आकडा जमत नाही. मग बाहेर कुणाला काढू?"

"ते तुम्ही बघायचं, साहेब."

"मी बघितलं, म्हणून तर हा नकाशा झाला. तुम्हाला दुसरा हवा असेल, तर तुम्ही सांगा."

टेबलावर नकाशा पसरला होता. आत्या त्यावर वाकली. शेजारी मी होते, त्यामुळे तिला जे दिसलं ते मलाही दिसलं. कडेला स्मशान होतं, पण तिथली माणसं जनगणनेत धरत नाहीत. बाजारपेठ फार मोठी. इस्पितळाचा भाग काढला, तर मग पूल कशाला? कडेला असलेली, आमच्याएवढ्याच वस्तीची अशी एकच जागा उरत होती. आत्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला, परत पहिल्यावर घेतला. मग तिने बोट ठेवलं.

"गिरणी क्वार्टर्स," मदतनिसाने मोठ्याने वाचलं आणि लिहून घेतलं.

खोटं कशाला बोलू, मला आधी बाबाच आठवले आणि बरं वाटलं. मग मी मागे बघितलं. बायका ताईकडे बघत होत्या, आणि ताई आईच्या पाठीकडे.

पक्का नकाशा आत्याच्या बोटाबरहुकूम निघाला. पूल झाला. बाबा काठी टेकत, धापा टाकत, पण स्वतःच्या पायांनी पलीकडे जातात. परत आले की दोन दिवस तेच सांगत बसतात. क्वार्टर्सचा चर मात्र कोपऱ्यावरच थांबला, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी तो बुजवूनही टाकला.

आता आत्या क्वार्टर्सच्या नव्या आमदारांच्या कचेरीत खेटे घालते. तिथला सचिव तिला पहिला प्रश्न विचारतो, "तुमचं मतदान कुठे?" आत्या खरं सांगते. "मग तुमचं इथे काय काम? तिथे राहणाऱ्या कुणाला तरी पाठवा."

म्हणून परवा ती ताईकडे गेली. सोबत चल म्हणाली, मी गेले. ताई टँकरच्या रांगेत बादली घेऊन उभी होती.

"चल माझ्याबरोबर," आत्या म्हणाली. "बोलायचं सगळं मी बोलते. तू नुसती उभी राहा."

"मामासाठी बोट ठेवलंस, त्याचं मला काही नाही, आई," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला विचारलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, ठेव. तिसऱ्या रांगेत तर बसले होते मी. तू एकदा वळून बघितलंही नाहीस."

"बघितलं असतं, तर ठेवता आलं नसतं गं."

रांग पुढे सरकली. आत्याने तिच्या हातातली बादली घ्यायला हात पुढे केला. ताईने ती दुसऱ्या हातात घेतली आणि पुढे सरकली.