विरोधाची पाळी

स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी मी नवखा लेफ्टनंट म्हणून रघुवीरराव राऊतसाहेबांच्या हाताखाली रुजू झालो. ब्रिगेडियर ते पुढे झाले. तेव्हा मेजर होते. त्यांच्या कचेरीत एक अजब पद्धत होती. कोणतीही योजना ठरली की एका कनिष्ठ अधिकाऱ्याने तिला विरोध करायचा. याला आम्ही 'विरोधाची पाळी' म्हणत असू. माझी पहिली पाळी आली तेव्हा मी घाबरून म्हणालो, "साहेब, आपली योजना अगदी योग्य आहे." साहेब शांतपणे म्हणाले, "मग तुमच्या खुर्चीचा उपयोग काय?" त्या दिवसापासून मी 'नाही' म्हणायला शिकलो, असा माझा समज होता.

साहेब मूळचे नागावचे, नारळी-पोफळीच्या वाडीतले. कितीही रागावले तरी 'तुम्ही' सोडत नसत. माझी पत्नी टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा पंधरा दिवस त्यांच्या घरून पेज येत होती. त्याचा उल्लेख त्यांनी पुढे कधी केला नाही.

नंतर दिल्लीत ते संरक्षण खात्याचे सल्लागार झाले आणि मी त्यांचा मदतनीस. उत्तरेच्या सीमेवर, जिथे रसदही धड पोचत नव्हती, तिथे चौक्या बसवायचे वरून ठरले होते. साहेबांनी टिपणात स्पष्ट लिहिले, 'या चौक्या टिकणार नाहीत.' टंकलेखनाला देताना मी त्याचे 'टिकणे कठीण आहे' असे केले. साहेबांची बढती अडू नये म्हणून. आणि खरे सांगायचे तर माझीही. माझ्यावर भरवसा म्हणून साहेबांनी न वाचता सही केली.

बैठकीत मंत्रिमहोदय हसून म्हणाले, "कठीण म्हणजे अशक्य नव्हे." साहेबांनी एकवार माझ्याकडे पाहिले आणि ते उभे राहिले. "अशक्यच आहे. ही माणसे मरतील." बाकीचे वरिष्ठ कागदांत डोके घालून बसले. विषय तिथेच संपला. महिन्याभरात साहेबांची बदली झाली. त्या हिवाळ्यात चौक्या शत्रूच्या हाती गेल्या, माणसेही गेली. मला साहेब एका शब्दाने बोलले नाहीत.

निवृत्तीनंतर ते काशीदच्या पारूबाई कोळिणींना भेटायला गेले. बाईंचा मुलगा त्यातल्याच एका चौकीवर मारला गेला होता. मी सोबत होतो. पारूबाईंनी विचारले, "सायब, ती जागा वाईट हाय, असा कोनी सांगितला न्हाय का वरती?"

"मी सांगितलं, बाई."

"कितींदा?"

"एकदा."

पारूबाईंनी सुकत घातलेली मासळी उलटली. "वारा फिरला तं आमी दर्यात गेलेल्या होरीवाल्यांना घसा बसंस्तोवर हाका मारताव. तुमी एकदाच सांगितलाव?"

साहेबांनी मान खाली घातली. माझे नाव तेव्हाही घेतले नाही. मी बोलायला हवे होते. तेव्हापासून साहेब दर महिन्याला काशीदला जातात, पारूबाईंच्या ओसरीवर थोडा वेळ बसतात आणि परत येतात.

साहेबांच्या साठीच्या या गौरवग्रंथात त्यांच्या निर्भयतेविषयी पुष्कळ लिहिले जाईल आणि ते खरेच असेल. पण त्या निर्भयतेने एकही माणूस वाचला नाही, आणि उद्या तीच वेळ आली तर काही वेगळे घडेल अशी आशा मला उरलेली नाही. तरीही साठीच्या निमित्ताने साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असे मी मनापासून म्हणतो. परवा ही शुभेच्छा त्यांच्यासमोर बोलून दाखवली, तर ते म्हणाले, "आणखी किती वर्षं काशीदला जायचं?"

तो शब्द कोणी बदलला, हे पारूबाईंना मी अजून सांगितलेले नाही.