झेंडूची पोपटी

खारघरहून पनवेलला जायला रिक्षाने अर्धा तास पुरतो. मला चार वर्षं लागली.

कॉलेज संपल्यापासून रसिका दर थंडीत मला तिच्या गावी पोपटीला बोलवायची आणि दर थंडीत माझा घसा नेमका तेव्हाच बसायचा. पोपटी म्हणजे वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी असं सगळं मडक्यात भरून, शेतात जाळ करून भाजायचं. खाण्याची मला भीती नव्हती. ओळख नसलेल्या माणसांमध्ये बसून बोलायचं काय, याची होती. या वर्षी रसिका फोनवर अगदी शांतपणे म्हणाली, "सानिका, या वेळी नाही आलीस तर पुन्हा बोलावणार नाही. रागावून नाही गं. कंटाळा आलाय." राग आला असता तर मी समजूत घातली असती. कंटाळ्याची समजूत कशी घालतात ते मला माहीत नव्हतं. म्हणून मी रविवारी सकाळी दहा वाजता पनवेलच्या एसटी स्टँडसमोर उभी राहिले, चांगल्या घशासह.

आमच्या वर्गातला केदार तिथे आधीच पोचला होता. त्याच्या हातात तीस अंड्यांचा ट्रे होता आणि चेहऱ्यावर पहिल्यांदाच बाप झाल्याचा भाव. शेजारी एक उंच मुलगी स्टीलचा मोठा डबा घेऊन उभी होती. ती शाहीन, रसिकाची शाळेतली मैत्रीण. तिच्या अम्मीचं बाजारात कापडाचं दुकान आहे, हे तिने पहिल्या मिनिटात सांगितलं. दुसऱ्या मिनिटात डब्याचं झाकण उघडून मसाला लावलेली कोंबडी माझ्या नाकाखाली धरली.

"अम्मीने रात्रभर मुरवलीय. वास घे, वास घे! तू फार बोलत नाहीस ना? रसिकाने सांगितलंय. टेन्शन नको घेऊ, तुझ्या वाटचं मी बोलते."

तिने शब्द पाळला. टमटममध्ये (सहा जणांची, पण दहा जण बसतात अशी रिक्षा) गाडी आपटा गावाच्या दिशेला वळेपर्यंत ती अखंड बोलली. केदारने ट्रे मांडीवर घेतला होता आणि प्रत्येक खड्ड्याला तो ट्रे वर धरून स्वतः सीटवर आपटत होता. उजवीकडे कर्नाळ्याचा सुळका आभाळाला अंगठा दाखवत उभा होता. आमच्या अठराव्या मजल्यावरून तो मला रोज दिसतो, पण इतका आगाऊ कधी वाटला नव्हता.

रसिकाचं शेत गावाला लागूनच आहे. तिचे बाबा, म्हणजे आमचे काका, लुंगी खोचून दोन मडकी पुसत बसले होते. आम्हाला पाहून म्हणाले, "पोपटी रातची लावतात. तुमाला उजेडात घरी जायचा, म्हनून दुपारी लावतोय. कोनाला सांगू नका, लोक हसतील."

पोपटीत पाणी नाही, तेल नाही. सगळी मदार भांबुर्डीवर (बांधावर आपोआप उगवणारं, उग्र वासाचं झुडूप). तिचा पाला मडक्याच्या तळाला, मध्ये आणि तोंडाला गच्च भरायचा. त्याच्याच वाफेवर सगळं शिजतं. काकांकडे एका मडक्यापुरता पाला होता. दुसऱ्यासाठी रसिकाने माझ्या हातात गोणपाट दिलं, एक पान दिलं आणि म्हणाली, "हे असं. त्या बांधाला भरपूर आहे. ओळखशील ना?"

"हो," मी म्हणाले. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला 'नाही' म्हणणं फार जड जातं. समोरचा लगेच दयेने बघतो.

पंचवीस पावलांवर काकांची बकरी आली आणि तिने माझ्या हातातलं नमुन्याचं पान खाऊन टाकलं. परत जाऊन दुसरं मागायला हवं होतं. पण मग चारचौघांत सांगावं लागलं असतं की बकरीने खाल्लं. मी ठरवलं, वासावरून ओळखू. बोटांना तो उग्र वास लागला होताच. अडचण एवढीच की त्याच बोटांनी जे चुरगाळलं त्याला तोच वास येत होता. पहिला बांध ओलांडल्यावर मात्र खरोखरच उग्र वासाची, हिरवीगार रोपं दिसली. छान रांगेत होती. रानात उगवलेली रोपं इतकी शिस्तीत कशी, असा विचार मनात आला नाही. उलट मला ते सोयीचं वाटलं. गोणपाट भरलं.

काका पहिल्या मडक्यात गुंतले होते. "दुसरा तुमी मुली भरा," म्हणाले. शाहीनने बाह्या सरसावल्या. "मला येतं. मी दरवर्षी असते इथे."

"भरतेस?"

"खाते. पण नजर असते."

आम्ही पाला दाबला, त्यावर शेंगा, ओवा, खडेमीठ, मग अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा पाला. मडकी उलटी ठेवून काकांनी वर पेंढा आणि काटक्या रचल्या आणि जाळ लावला. केदार अंड्यांना मनातल्या मनात निरोप देत होता.

अर्धा तास झाला नसेल, तोच बांधावरून आवाज आला. "ओ भावजी! तुमच्या बकरीनं माजा सगला झेंडू खाल्ला! नातीच्या हलदीला लावलेला. येक रोप ठेवला नाय!"

त्या शेजारच्या यमुनाकाकू. हातात काठी.

काका उठले. "वयनी, माजी बकरी झेंडूला तोंड लावत नाय. तिला वास आवडत नाय."

"मंग काय वाघ आला?"

"पानी घालायचा राहिला आसल."

"पानी नाय घातला तर रोप मरतो भावजी. उटून चालत नाय जात!"

मी झेंडू माळेतला पाहिलेला. बालवर्गात कितीतरी वेळा रंगवलेलाही, पण नेहमी फूल. खालची पानं आम्ही कशीही हिरवी करायचो. मी बोटं पुन्हा नाकाशी नेली. शाहीन माझ्याकडे बघत होती.

"सानिका," ती कुजबुजली, "ती पानं कुठून आणलीस?"

"रांगेतून."

"कसली रांग?"

मी बांधाकडे बोट केलं. तिने ओढणी तोंडात कोंबली. "मर गये. आणि मी दाबून दाबून भरलंय!"

तिकडे भांडण पेटलं होतं. काकू म्हणत होत्या, "आज बकरी इकली नाय तर तुमच्या दाराला पाय लावनार नाय. हलदीला पन येऊ नका." काकांनी मान खाली घातली. रसिकाचा चेहरा पडला. ती काकूंच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. मी गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. पुरावा जळत होता. बकरी काही बोलणार नव्हती. मीही आयुष्यभर तेच करत आले होते.

"इट वॉज मी," मी म्हणाले. घाबरले की माझं मराठी आधी पळून जातं. कोणी लक्षही दिलं नाही. मी उभी राहिले. "काकू, बकरीने नाही खाल्ला. मी तोडला. भांबुर्डी समजून. तो मडक्यात आहे."

जाळात एक काटकी फुटली.

"कोनच्या मडक्यात?" काकांनी विचारलं.

"दुसऱ्या."

"माज्या पोपटीत झेंडू?" आता काकांचा आवाज चढला. चाळीस वर्षांत त्यांच्या मडक्यात परका पाला गेला नव्हता. ते काकूंकडे वळले. "वयनी, बघितलात? माजीच पोपटी बाटली!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, आणि काठी टाकून मटकन खाली बसल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मग त्यांचं हसू बाहेर फुटलं, ते थांबेचना. "आगो बाय माजे! हलदीचा झेंडू कोंबडीला! काडा तो मडका, बगू तरी."

काकांनी तोंड वाकडं करत गरम मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं, म्हणजे शिजलं. मडकं फोडल्यावर जो वास आला, तो थेट दसऱ्याचा. नवीन गाडीला हार घालून तिच्यावर अंडी ठेवावीत, तसा काहीतरी. केदार एक अंडं खाऊन म्हणाला, "मला सारखं हात जोडावेसे वाटतायत." शाहीन म्हणाली अम्मीला हे कधीही कळता कामा नये. शेंगा कडसर होत्या, पण संपल्या. यमुनाकाकूंनी काकांच्या मडक्याला हात लावला नाही. "माज्या शेतातलाच खाते," म्हणत आमच्या मडक्यातली पाच अंडी खाल्ली. मग शेवटच्या घासाला मला म्हणाल्या, "हलदीच्या आदल्या सकाली येयाचा. फुलं बाजारातून आनीन, माला तू गुंफायच्या. गुंफता येतात ना गो?"

"हो" जिभेवर आलंच होतं.

"नाही येत," मी म्हणाले.

"मंग लवकर ये," काकू म्हणाल्या. "शिकवायला वेल लागल."

ऊन उतरल्यावर रसिका आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आली. केदारच्या हातात रिकामा ट्रे होता, तोही तो जपूनच धरत होता. मी घाबरट आहे हे मला आधीपासून माहीत होतं. पण माझ्या घाबरटपणापायी दुसऱ्याची बकरी विकली जाऊ शकते, हे पनवेलला गेल्यावर कळलं. त्याचा परिणाम असा झाला की मी वाटेतलं प्रत्येक झाड दाखवून विचारायला सुरुवात केली. हे काय? टाकळा. हे? एरंड. हे? करवंद, आणि हात लावू नकोस. शाहीनने माझ्या वाटचं बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

टमटम समोर येऊन थांबली तरी मी कुंपणापाशी वाकले होते. तिथे बारीक जांभळ्या फुलांचं काहीतरी उगवलं होतं.

"आणि हे?"

रसिकाही वाकली. एक पान चुरगाळून वास घेतला.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "लहानपणापासून बघतेय. कधी कोणाला विचारलंच नाही."