सोनाजीची हळद

पिशोरच्या बाजारात एका आठवड्याला भाजीपेक्षा एका बातमीचा खप जास्त झाला. सोनाजी मेंढक्यानं म्हणे पन्नाशीत दुसरं लगीन लावलं! अंगभर हळद लागलेला, पिवळाधमक सोनाजी लोकांनी यष्टीत बसलेला पाहिला होता. शेजारी त्याची पहिली, बानाबाई, मुकाट बसलेली. "पहिलीच दुसरीकडं पोचवायला निघाली, काय काळीज म्हणावं बाईचं!" मिरच्यावाली म्हणाली आणि बोलण्याच्या नादात समोरच्या गिऱ्हाइकाला मूठभर मिरच्या जास्तीच्या देऊन बसली. नवरी शेंद्र्याची, कारखान्यात कामाला जाणारी, असा पदरही कुणीतरी जोडून दिला.

आता ही बानाबाई कोण, ते सांगायला हवं. ही पोट बसवणारी. पोटात कळ आली की बेंबी सरकली म्हणायचं आणि बानाबाईचं दार गाठायचं, हा गावचा कायदा. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, पंचायत आली, पण हा कायदा कुणी रद्द केला नाही. विद्या सासूकडून आलेली. करडईचं तेल कोमट करायचं, त्यात चांगली मूठभर हळद, मग बेंबीवर बोटं टेकवून ठोका शोधायचा आणि तो जागेवर येईस्तोवर चोळायचं. तिच्या हाताखालून गेलेला माणूस पुढं कितीतरी दिवस पिवळा दिसे. कुणाची बनियन पिवळी दिसली की पारावरची टाळकी विचारायची, "काय रं, बानीकडं जाऊन आला व्हय?"

सोनाजी खाण्याचा शौकीन. मटणावरची तर्री वाटीला तोंड लावून प्यायचा. जत्रेतून असाच जेवून आला आणि उजव्या बरगडीखाली जी कळ उठली ती पार खांद्यापर्यंत. गडी गुडघे पोटाशी घेऊन घोंगडीवर लोळू लागला.

"आवं, बेंबी सरकली तुमची. हावरटावाणी खाता."

"बेंबी सरकून खांद्यात गेली व्हय गं?"

"आता तुमी मला शिकवा!"

हसत हसत तिनं चोळलं. कळ थांबली, तशी बाई फुगली. पण कळ पुन्हा आली, मग रोजच येऊ लागली, आणि रोजच चोळणं आलं. तो तिचं मनगट धरायचा. "बाने, नगं दाबू. जीव चालला." दुखतंय म्हणजे जागा बरोबर सापडली, असं सासूनं सांगून ठेवलेलं. बानाबाई आणखी दाबायची. सोनाजी पिवळा दिसू लागला, तर तिला वाटलं तेल मुरलं. लघवी काळ्या चहासारखी झाली, ती उन्हानं. अंगाला खाज सुटली, ती मेंढरांच्या गोचिडांनी. कशालाही उत्तर नाही असं बाईचं कधी झालंच नव्हतं.

मग हुडहुडी भरून ताप आला. तेलाचा वास त्याला सोसेना, म्हणून सकाळी तिनं त्याला उन्हात पाटावर बसवून साबणानं खसाखसा धुतलं. आधी पिवळं पाणी वाहिलं, मग नितळ. माणूस मात्र पिवळाच राहिला. तिनं त्याची पापणी बोटानं वर केली. डोळ्याचं पांढरं हळकुंडासारखं झालेलं.

डोळ्याला कोण हळद लावतं?

तांब्या तिच्या हातातून सुटला. दीर मुंजाबा धावत आला, बघून म्हणाला, "कावीळ हाय वैनी. माळ घालू गळ्यात, उतरंल."

"माळेनं ताप उतरंल का, मुंजाबा? आवरा, यष्टी गाठायची."

यष्टीत एका म्हाताऱ्याला चेव आला. "काय नवरदेव, वरात कुठं निघाली?" सोनाजीची मान ग्लानीनं खाली गेली. बानाबाईनं पदरानं त्याचं तोंड झाकलं. नवरदेव लाजला म्हणून सगळी यष्टी हसली. त्या हसण्यात ती एकटी पुटपुटत होती, "खंडोबा, माझे हात झडू दे, पण याला उठव."

औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं बरगडीखाली नुसतं बोट टेकवलं आणि सोनाजी किंचाळला.

"पोट चोळलंय का कुणी?"

बानाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नाय."

सोनोग्राफी झाली. पित्ताच्या पिशवीत खडे, एक नळीत अडकलेला, पिशवी सुजलेली, पोटात पू. डॉक्टरीणबाई परत आली, तिच्याजवळ बाकावर बसली. "मावशी, खरं सांगा. पिशवी फुटलीय असं दिसतंय. आम्हाला कळायला हवं."

"मीच चोळलं. रोज."

डॉक्टरीणबाई रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "डोळे पिवळे, ताप, उजवीकडं दुखणं, असं असलं की पोटाला हात लावायचा नसतो, मावशी. थेट आणायचं."

"मला वाटलं हळद हाय." मग तिनं विचारलं, "माझ्या दाबण्यानंच फुटली का वो?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

सोनाजीला ऑपरेशनला आत नेलं. बानाबाई दारापाशी फरशीवर बसली आणि आपल्या हातांकडं बघायला लागली. नखांत हळद होती. ती दुसऱ्या नखानं कोरून काढत राहिली, रक्त आलं तरी.

तेवढ्यात व्हरांड्यात आरोळी. सोनाजीची थोरली बहीण भागूबाई बाजारातली बातमी ऐकून, यष्टीच्या कंडक्टरकडून दवाखान्याचा माग काढून तडक आलेली, पदर खोचलेला.

"कुठंय ती शेंद्र्याची सटवी? झिंज्या उपटते तिच्या!"

"आक्का, कुणी नाय वो."

"मग माझ्या भावाला हळद कुणी लावली?"

बानाबाईनं आपले दोन्ही हात तिच्यापुढं धरले. आतून डॉक्टरीणबाई बाहेर आली. तिच्या तोंडाकडं बघूनच भागूबाई भिंतीला टेकली.

सोनाजीनं दुसरं लगीन केलं नव्हतं. त्याला कावीळ झाली होती. बानाबाई ती आपल्या तेलाची हळद समजली आणि त्याचं सुजलेलं पोट चोळत राहिली. सोनाजी त्या दिवशी दवाखान्यात वारला.