गाडीचं पाणी जातंय कुठं

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अख्खी जिंदगी जीप आणि ट्रक चालवण्यात गेली. म्हणून आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटला मी दुसऱ्याचा हात लागू देत नाही. मागे दोनदा ती रस्त्यात बसली, आणि दोन्ही वेळा मुलाला ऑफिस सोडून दोर घेऊन यावं लागलं. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, "दादा, आता परत असा फोन आला ना, तो किल्ली मेरे पास." मी म्हटलं, "ठीक." बोलून बसलो, आणि तेव्हापासून जिवाला घोर लागला.

आश्विनाच्या नवरात्रात देवासच्या टेकरीवर देवीला पुरणाचा नैवेद्य न्यायचा, ही आमच्या घरची रीत. निघायच्या सकाळी इंजिन थंड ठेवणारं कुलंट पाहिलं तर परत कमी. कितीतरी दिवस हेच चाललं होतं. मी भरायचं आणि त्यानं उतरायचं. गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकून पाहिला, कोरडाठाक. नळ्या कोरड्या, पंप कोरडा. पाणी खाली पडत नाही म्हणजे आत जळतंय, इंजिनातलं हेड गॅस्केट गेलंय, असं मी धरून चाललो. इंजिन उघडायचं नाव काढलं तर मुलगा गाडी सरळ भंगारात देणार. म्हणून कोणापाशी बोललो नाही. कुलंटची टाकी भरली, पाण्याचा कॅन मागे टाकला आणि आमचं धार गाव सोडलं.

आमची मंडळी शेजारी बसली होती, सोवळ्यात, चपला काढून, डबा मांडीवर घेऊन. ट्रकांची धूळ नैवेद्यावर नको म्हणून तिनं काचा बंद करायला लावल्या. बेटमा जवळ आलं तसा इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला. मला रस्ता कमी आणि काटाच जास्त दिसत होता. त्यात समोरची काच आतून धुरकट होत होती. फडकं फिरवलं की तेलकट पट्टे उठत.

"तुझ्या ओल्या लुगड्यानं काचेवर वाफ धरतेय," मी खेकसलो.

"लुगडं केव्हाच वाळलं. तुम्ही पुढे बघा." तिनं पदर नाकाला लावला होता.

"जीव घुसमटतोय का?"

"पुरणाचा गोड वास सुटलाय. देवीच्या आधी आपण कसा घ्यायचा?"

वास मलाही येत होता. डबा हलला असेल असं मला वाटलं. काटा लाल रेघेला टेकायला आला तेव्हा पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर गाडी बाजूला घेऊन बंद केली.

ती उतरली आणि म्हणाली, "अहो, बाटली सांडली वाटतं. पाय चिकट झालेत."

बाटली तर मागच्या सीटवर होती. तिच्या पायाखालची चटई दाबली, तर बोटांना हिरवं, चिकट पाणी लागलं. बोटं तिच्यापुढे धरली. ती आधी मागे सरली, मग तिनं वास घेतला.

"हाच तो गोड वास," ती म्हणाली.

गॅस्केट नव्हे, हीटर. त्याची छोटी जाळी डॅशबोर्डच्या मागे असते आणि गरम कुलंट तिच्यातून फिरतं. जाळी फुटली होती, म्हणून सारं पाणी गाडीच्या आतच पडत होतं. आमच्याकडे हीटर कोण लावतो? माझ्या ध्यानातच आलं नाही.

"पाय आधी धुऊन घे, विष असतं ते," मी म्हटलं. डब्याला काही लागलं नव्हतं, तेही पाहिलं.

गाडी दोरानं ओढून न्यायला सांगत पंक्चरवाला म्हणाला, "बाबूजी, घर फोन लगाओ, टोचन करवा लो."

"भिया, टोचन नहीं, लोखंडाची एक नळी दे. बोटाएवढी."

इंजिन पुरतं निवू दिलं. मग हीटरला जाणारे दोन्ही रबरी पाइप काढले आणि मधे नळी घालून एकमेकांना जोडून टाकले. क्लिपा आवळल्या, पाणी भरलं, गाडी सुरू केली. काटा चढू लागला. तेवढ्यात तिला मुलाचा फोन आला. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी काट्याकडे.

"हो रे, बेटम्याजवळ थांबलोय," ती फोनवर म्हणाली. "ह्यांना चहा प्यायचा होता."

काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"आता चहा प्या," ती म्हणाली. "मला खोटं ठरवू नका. आणि यापुढे मी थांबा म्हटलं की थांबायचं. नाही तर त्याला सगळं सांगेन."

आम्ही देवासला पोचलो, नैवेद्य दाखवला. परतीच्या वाटेवर काटा जागचा हलला नव्हता, गाडी छान पळत होती, आणि बायपासवर ती म्हणाली, "थांबा." कशाला, असं ओठांवर आलं होतं. मी इंडिकेटर दिला आणि गाडी बाजूला घेतली.